प्रेअरी टेनमधली सोळा कॉलेजं

नॉर्बर्ट कोवारिक हा गुरांचा डॉक्टर; त्यानं आयुष्यभर गाईंची बाळंतपणं केली. नेब्रास्काच्या त्या भागात असा गुरांचा मळा विरळाच, जिथं त्यानं खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं वासरू ओढून काढलं नव्हतं. गाईला नुसतं लांबून बघून तो सांगायचा, ही उद्या दुपारपर्यंत विणार, आणि ती विणायची. त्यामुळे तो निवृत्त झाल्यावर गावातल्या छोट्या रेडिओ केंद्रानं जेव्हा चेंडू काखेत मारून पळायच्या अमेरिकी कॉलेज फुटबॉलची भाकितं करायला त्याला बोलावलं, तेव्हा सगळ्यांना ते साहजिकच वाटलं. सोबतीला त्याची धाकटी बहीण डोरीन. ती शाळेत बँड शिकवायची, आणि नॉर्बर्टला मध्येच तोडण्याचा तिला साठ वर्षांचा सराव होता. दर ऑगस्टमध्ये हंगाम सुरू व्हायच्या आधी दोघं माइकसमोर बसत आणि कोण कितवं येणार ते सांगत. गाईंच्या बाबतीत नॉर्बर्टचा अंदाज सहसा चुकत नसे. फुटबॉलच्या बाबतीत तो सहसा बरोबर येत नसे. पण लोक ऐकायचे, कारण भावाबहिणीचं भांडण फुकट ऐकायला कुणाला आवडत नाही?

त्या वर्षी मात्र नॉर्बर्ट माइकसमोर बसला तोच घुश्शात.

लूप व्हॅली हे त्यांचं कॉलेज. ते ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, खेळायचं तिचं नाव प्रेअरी टेन, कारण तिच्यात दहा कॉलेजं होती. सगळी गव्हाच्या आणि मक्याच्या मुलखातली, सकाळी निघालं तर मॅचच्या वेळेला पोचता येईल अशी. आता टीव्हीवाल्यांच्या नादानं त्यात आणखी सहा आणून बसवली होती. तीन अटलांटिकच्या काठावरची, एक डोंगरातलं, दोन ॲरिझोनाच्या वाळवंटातली. कॉलेजं सोळा झाली, नाव टेनच राहिलं.

"तर मंडळी," डोरीन माइकमध्ये म्हणाली, "या सोळा जणांच्या दहाचं पुढं काय होणार, ते डॉक्टर सांगतील. डॉक्टर, नाडी बघितलीत का?"

"बघितली. वाचत नाही," नॉर्बर्ट म्हणाला. "पाच वर्षांत ही कॉन्फरन्स म्हणजे विमानतळावरचा प्रतीक्षा कक्ष होईल. सगळे बसलेत, कुणी कुणाला ओळखत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी आपली एल्डन टेकशी मॅच असायची. आपल्या आजोबांच्या काळापासून. ती नव्या वेळापत्रकात नाही. आता चार वर्षांतून एकदा. त्यांची माणसं आणि आपली माणसं रस्त्यात समोरासमोर आली तरी ओळख देणार नाहीत, लिहून ठेवा."

"हे भाकीत आहे की शोकसभा?"

"आणि ते वाळवंटातलं ओकोतिलो स्टेट शेवटून पहिलं येणार. इथं ऑक्टोबरअखेर मॅच आहे त्यांची. अर्धी मॅच झाली की बसमध्ये जाऊन हीटर लावून बसतील."

डोरीननं आपला अंदाज सांगितला. तिच्या मते फारसं काहीच बदलणार नव्हतं. "लोकांना शनिवारी घराबाहेर पडायला कारण लागतं. समोर कोण आहे त्याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. खायला काय आहे, ते महत्त्वाचं."

कार्यक्रम संपल्यावर दोघं कॉफी प्यायला बसली, तेव्हा तिनं विचारलं, "मर्लचा फोन आला?"

नॉर्बर्ट कपात साखर ढवळत राहिला. तो साखर घेत नसे.

मर्ल स्टॉडर्ड हा एल्डनचा. तिकडे कॅन्ससमध्ये त्याचा ट्रॅक्टर दुरुस्तीचा कारखाना होता. फार वर्षांपूर्वी लूप व्हॅलीच्या मैदानाबाहेर, लोक गाड्या लावून मॅचआधी रांधतात-खातात तिथं, वाऱ्यानं मर्लच्या शेगडीचं झाकण उडालं आणि थेट नॉर्बर्टच्या पिकअपच्या बॉनेटवर येऊन आदळलं. भांडायला म्हणून नॉर्बर्ट गेला आणि सॉसेज खाऊन परत आला. तेव्हापासून दरवर्षी, एकदा इथं, एकदा तिथं, दोघांच्या गाड्या शेजारीशेजारी लागायच्या. दिवसभर एकमेकांच्या संघाला शिव्या द्यायच्या, एकमेकांचं खायचं, आणि संध्याकाळी आपापल्या वाटेनं जायचं. एकमेकांचं घर दोघांनीही पाहिलं नव्हतं. हंगामाआधी मर्लचा फोन यायचा, तेवढाच.

"तू कर की फोन," डोरीन म्हणाली.

"दरवर्षी तो करतो."

"आणि तू काय करतोस?"

"मी उचलतो."

डोरीननं त्याच्या पुढ्यातली गोड झालेली कॉफी स्वतःकडे ओढून घेतली.

ऑक्टोबरअखेर ओकोतिलोची मॅच आली. आदल्या दिवसापासून उत्तरेचं बोचरं वारं सुटलं होतं आणि सकाळी बारीक बर्फ भुरभुरत होतं. नॉर्बर्टला मनातून बरं वाटलं. निदान एक भाकीत तरी खरं ठरणार होतं. त्यानं नेहमीच्या जागी पिकअप लावली, शेगडी पेटवली. डोरीननं आईच्या पद्धतीचे जर्दाळू भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे, आणि कोबी-खिमा भरलेले पाव मांडले. शेजारची जागा, एल्डनच्या मॅचला मर्ल गाडी लावायचा ती, रिकामी होती.

तिथं ॲरिझोनाची पाटी असलेली एक गाडी येऊन थांबली. आतून साठीचा एक बुटका, रुंद माणूस उतरला. त्यानं नॉर्बर्टकडे निरखून पाहिलं.

"डॉक्टर कोवारिक तुम्हीच ना?"

"हो. आपण?"

"रुबेन बोहोर्केस. ही माझी बायको एस्तेला. आम्ही तुम्हालाच शोधत होतो. त्या तिकडच्या पोरांनी सांगितलं, चिडका म्हातारा आणि हसरी बाई दिसली की तेच." त्यानं हात पुढं केला. "माझा भाचा ओकोतिलोकडून खेळतो. तुमचा रेडिओ इंटरनेटवर ऐकू येतो, माहीत आहे ना तुम्हाला?"

नॉर्बर्टला ते माहीत होतं, पण आपलं बोलणं कुणी मुद्दाम ऐकत असेल असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

"ते हीटरचं वाक्य," रुबेन शांतपणे म्हणाला, "त्यांच्या कोचनं मोठ्या अक्षरांत लिहून पोरांच्या खोलीत लावलंय. ऑगस्टपासून."

डोरीनला इतकं हसू आलं की तिला खुर्चीत बसावं लागलं. "या, या. बसा दोघं. तुमचं खाणं व्हायचंय ना?"

नॉर्बर्ट शेगडीतले कोळसे उगाच हलवत राहिला. एस्तेलाच्या अंगात नुसतं पातळ जाकीट होतं आणि तिचे ओठ निळे पडायला लागले होते. ते बघितल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. पिकअपमध्ये सीटमागं त्याचा जुना कामाचा जाड डगला होता, हिवाळ्यात गोठ्यांत घालायचा. तो त्यानं काढून तिच्यापुढं धरला.

"धुतलेला आहे," तो म्हणाला. "पण वास जात नाही."

एस्तेलानं तो घातला. तो तिच्या घोट्यापर्यंत आला. तिनं बाहीचा वास घेतला आणि म्हणाली, "गाई."

"हो."

"आमच्या वडिलांचा असाच यायचा."

मग तिनं आपली टोपली उघडली. मळलेल्या पिठाचे गोळे होते, ते हातावर थापून तिनं शेगडीवरच कागदासारख्या पातळ, मोठ्या पोळ्या भाजल्या. रुबेननं मांसाचे पातळ काप परतले. सोबत एका बाटलीत मिरीएवढ्या लाल मिरच्या होत्या. रुबेन म्हणाला, जपून. नॉर्बर्ट म्हणाला, मी आयुष्यात बैलांच्या लाथा खाल्ल्यात, आणि चमचाभर घेतल्या. दुसऱ्याच क्षणी तो पाणी शोधायला लागला. एस्तेलानं त्याला एक कोलाचा दिला, तो त्यानं लहान मुलासारखा दोन्ही हातांनी धरून खाल्ला.

मॅचबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ओकोतिलोची पोरं बर्फात उघड्या दंडांनी खेळली आणि त्यांनी लूप व्हॅलीला लोळवलं. रुबेनचा भाचा एवढा थोराड होता की नॉर्बर्टच्या तोंडून, आपल्याच संघाविरुद्ध, "काय जनावर आहे!" असं निघून गेलं. अर्ध्या मॅचनंतर कुणीही बसमध्ये गेलं नाही.

मॅचनंतर रुबेन आणि एस्तेला पुन्हा गाडीपाशी आली. नॉर्बर्टला वाटलं, आता हे उट्टं काढणार. पण रुबेननं खुर्च्या आवरायला मदत केली आणि विचारलं, "ही जागा कुणाची होती? डोरीन म्हणाल्या, एल्डनच्या मॅचला इथं दुसरं कुणीतरी असतं."

नॉर्बर्टनं थोडक्यात मर्लचं सांगितलं. एल्डनची मॅच वेळापत्रकातून गेली, म्हणून तो यायचा नाही, असं.

"वारला का तो?"

"छे, छे."

"आजारी आहे?"

"नसावा."

"मग रस्ता बंद झालाय का?"

नॉर्बर्ट शेगडीतली राख झाडायला लागला. एस्तेला डगला काढायला लागली, तेव्हा तो म्हणाला, "असू द्या. तुम्हाला अजून कोलोरॅडो पार करायचंय."

नोव्हेंबर सरताना, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, लूप व्हॅलीची मॅच अटलांटिकच्या काठावर कुठंतरी होती. आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी नॉर्बर्टला जायला जागा नव्हती. सकाळी त्यानं डोरीनच्या दारासमोर पिकअप उभी केली आणि हॉर्न वाजवला.

"कुठं?" तिनं खिडकीतून विचारलं.

"एल्डन."

"त्याला फोन केलास?"

"नाही. तो शेगडीपाशीच असणार. पूर्वेकडच्या फाटकाजवळ, दुसरी रांग."

डोरीन कोलाच्यांचा डबा घेऊन निघाली.

पूर्वेकडच्या फाटकाजवळ दुसऱ्या रांगेत कॉलेजची पोरं कसलासा चेंडूचा खेळ खेळत होती. मर्ल नव्हता. नॉर्बर्टनं दोनदा रांग चालून बघितली. पिवळ्या जाकिटातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "स्टॉडर्ड? त्यानं यंदा जागाच घेतली नाही. घर जवळच आहे त्याचं. पाण्याच्या टाकीमागं, हिरवं छप्पर."

नॉर्बर्टचा चेहरा पडला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "परत जाऊ या."

"इतक्या लांब येऊन? मला बाथरूमला जायचंय," डोरीन म्हणाली. "पाण्याच्या टाकीकडे वळव."

दार मर्लची बायको आर्डिथ हिनं उघडलं. तिनं आधी दोघांकडे बघितलं, मग त्यांच्या लूप व्हॅलीच्या हिरव्या टोप्यांकडे, आणि आत वळून म्हणाली, "मर्ल, ते आलेत." कोण, ते तिनं सांगितलंच नाही.

मर्ल आरामखुर्चीत होता. एक पाय उशांच्या ढिगावर ठेवलेला, गुडघ्यावर पट्टी, शेजारी काठी. खिडकीतून मैदानावरचा गलका ऐकू येत होता. त्याचं स्वतःचं कॉलेज मैलभरावर खेळत होतं, पण टीव्हीवर चालू होती लूप व्हॅलीची मॅच. नॉर्बर्ट दारातच थबकला.

"तुमच्या पोरांना माणूस धरता येत नाही," मर्ल टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "सकाळपासून बघतोय. गाय सुटल्यासारखे पळतात मागं."

"गुडघ्याला काय झालं?"

"नवा बसवला. सप्टेंबरात."

"आणि मला कळवायचं नाही?"

आता मर्लनं मान वळवली. "तूच म्हणालास की रेडिओवर. रस्त्यात भेटलो तरी ओळख देणार नाही म्हणून. मी म्हटलं, ठीक आहे. डॉक्टरनं ठरवलंय तर तसं."

"मी ऐकतच होते शेजारी," आर्डिथ स्वयंपाकघरातून म्हणाली. "फोन हातात होता याच्या. लावणारच होता. कार्यक्रम संपायची वाट बघत होता."

नॉर्बर्टनं टोपी काढली. ती तो हातात फिरवायला लागला. गाई-वासरांच्या बाबतीत तो पक्का होता, पण शब्दांच्या बाबतीत आयुष्यभर कच्चाच.

"ते मी तुझ्याबद्दल म्हणत नव्हतो," तो शेवटी म्हणाला. "मला भीती वाटत होती, म्हणून म्हणालो."

"कशाची?"

"तू फोन करणार नाहीस याची."

मर्लनं टीव्हीचा आवाज कमी केला. "तुला फोन करता येत नाही का रे?"

"तेच मी विचारते," डोरीन म्हणाली. "बाथरूम कुठंय?"

आर्डिथनं दोन दिवसांपूर्वीची सणाची टर्की गरम केली. मग सगळी टीव्हीसमोर बसली. नॉर्बर्ट मर्लच्या शेजारी स्टुलावर बसला, कारण तिथून त्याच्या उशा सरळ करता येत होत्या. बाहेर गलका वाढला की मर्ल म्हणायचा, "आमचा गुण," आणि नॉर्बर्ट म्हणायचा, "आवाज लहान आहे, नुसती किक असेल. कमी गुणांची." लूप व्हॅली तीही मॅच हरली. मर्लला मनापासून वाईट वाटलं, पण ते त्यानं कबूल केलं नाही.

निघताना मर्ल काठी टेकत दारापर्यंत आला. "आता सप्टेंबरपर्यंत काही नाही," तो म्हणाला.

"काही नाही," नॉर्बर्ट म्हणाला.

फुटबॉलशिवाय एकमेकांना कशाला बोलवायचं असतं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी डोरीननंच आर्डिथला सांगितलं, "मार्चमध्ये आमच्याकडे नदीवर क्रौंच पक्षी उतरतात. हजारोंनी. बघायला या. राहायला माझ्याकडे या, याच्याकडे पलंग नाहीये धड."

मार्चमध्ये ती दोघं खरंच आली. पहाटेच्या थंडीत नदीकाठच्या फळ्यांच्या खोपटात चौघं एका बाकावर दाटीवाटीनं बसली. उजाडलं तसा पक्ष्यांचे करडे थवेच्या थवे पाण्यावरून उठले आणि इतका कोलाहल झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मर्ल तोंड उघडं टाकून बराच वेळ बघत राहिला. मग नॉर्बर्टच्या कानाशी वाकून ओरडला, "यातला कोण कोणाच्या बाजूचा, हे कसं ओळखायचं?"

"नाही ओळखता येत," नॉर्बर्टनं ओरडून सांगितलं, आणि थर्मासमधली कॉफी आधी त्याच्या कपात ओतली.