चौथी सही

गाडीतली गळती टेलरबाई एक वेळ सोसत होत्या, पण मॅनेजरचं उत्तर ऐकून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही दोघं आत झोपता, श्वास घेता," सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर शांतपणे समजावत होता. "त्याची वाफ छताला लागते आणि थेंब पडतात. गाडीत दोष नाही."

"म्हणजे श्वास घ्यायचा नाही आम्ही?"

"तसं नाही. खिडकी उघडी ठेवा."

"अहो, खिडकीतूनच तर गळतंय!"

छतातल्या खिडकीतून, नेमकं पलंगाच्या डोक्यावर. आणि गाडी होती जेमतेम साडेपाच महिने जुनी. बत्तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून बाईंनी दुकान विकलं, फ्लॅटही विकला आणि हे मोटरहोम घेतलं. आत पलंग, शेगडी, बेसिन, दोघांपुरतं टेबल. आता दुसरं घर म्हणून नव्हतं. त्यांचा नवरा निवृत्त ग्रंथपाल, छातीचा आधीच नाजूक. गादी भिजायला लागल्यापासून त्याचा खोकला हटत नव्हता. आणि सहा महिन्यांच्या वॉरंटीचे अकरा दिवस उरले होते. ते संपले की ही गळती कायमची यांच्याच गळ्यात.

बाईंनी दुसरीकडे विचारलं नव्हतं असं नाही. चार गॅरेजं पालथी घातली. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. वॉरंटीतली गाडी आम्ही उघडली तर कंपनी हात झटकेल, जिथून घेतली तिथेच जा, म्हणाले. तिथे म्हणजे इथे. इथे याआधी तीनदा गाडी ठेवून झाली होती. दर वेळी आठ-दहा दिवस नणंदेकडे पाहुण्यासारखं राहायचं, आणि परत आल्यावर खिडकीच्या एका कोपऱ्यात पांढरा लगदा फासलेला दिसायचा.

मॅनेजरने फाइलमधून तीन कागद काढून टेबलावर पसरले. प्रत्येकावर छापलेलं: काम तपासले, ग्राहक समाधानी. खाली बाईंची सही.

"तीन वेळा तुम्हीच लिहून दिलंय, बाई."

बाईंनी तिन्ही सह्या निरखून पाहिल्या. खरंच होतं ते. इथली पद्धतच तशी, काउंटरवर आधी सही करायची, मग किल्ली मिळायची. हातात पिशव्या, नवरा बाहेर ताटकळलेला, काउंटरवरची मुलगी पेन पुढे करायची आणि बाई सही ठोकून मोकळ्या व्हायच्या. स्वतःच्या दुकानात त्यांनी एकही गिऱ्हाईक असं पाठवलं नव्हतं. घालून बघा, हात वर करा, खाली बसून बघा, मगच घेऊन जा. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा न बघता सही! मॅनेजरपेक्षा त्यांना स्वतःचाच जास्त राग आला.

आज गाडी तपासून झाली म्हणत काउंटरवरच्या मुलीने चौथा कागद पुढे केला.

"सही नाही करणार."

"मग किल्ली देता येणार नाही, मावशी."

"नको देऊस. मला कुठे जायचंय? माझं घर इथेच उभं आहे."

गाडीच्या मागच्या दाराची किल्ली बाईंच्या पर्समध्येच असायची. त्या तरातरा आवारात गेल्या, दार उघडलं, नवऱ्याला आत बसवलं आणि चहा टाकला. ओली गादी ओढून शोरूमच्या काचेसमोरच्या कठड्यावर वाळत घातली.

"अगं, जाऊ दे ना," नवरा खोकत म्हणाला. "वरून ताडपत्री टाकू."

"ताडपत्रीच टाकायची होती तर तंबू घेतला असता. तुम्ही चहा प्या."

मॅनेजर धावत आला. "बाई, हे खाजगी आवार आहे!"

"आणि हे खाजगी घर. दार वाजवून यायचं."

दुपारपर्यंत नवी गाडी बघायला आलेली तीन कुटुंबं गादीपाशी थबकली. बाईंनी कुणापुढे रडगाणं गायलं नाही. सगळ्यांना आत बोलावलं, कपाटं उघडून दाखवली. "शेगडी फार छान आहे हो," त्या मनापासून सांगायच्या. "फक्त पलंगावर बसू नका, खालची फळी ओली आहे." तिसरं कुटुंब शोरूममध्ये न शिरताच परत गेलं. पाचव्या मिनिटाला शिडी घेऊन मिस्त्री हजर.

हे मिस्त्री पिकल्या केसांचे, कमी बोलणारे. "दर वेळी मला अर्धा तास देतात," ते म्हणाले. "चौकट उतरवायलाच दोन तास लागतात. आज म्हणाले, हवा तेवढा वेळ घे."

चौकट निघाली. मिस्त्रींनी बाईंना वर बोलावलं. चौकटीखाली तीन बाजूंना रबरासारखा काळा लेप होता. चौथी बाजू कोरडी ठणठणीत. कारखान्यातच कुणीतरी विसरलं होतं.

"उसवलेलं नाही हे," बाई म्हणाल्या. "इथे टाकाच पडलेला नाही."

नवा लेप सुकायला दोन दिवस लागले. बाई आवारातच राहिल्या. तिसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः कागद घेऊन आला, या वेळी दार वाजवून.

"आधी ट्रायल," बाई म्हणाल्या. "मिस्त्री छतावर पाणी सोडतील. तुम्ही इथे आडवे व्हा."

"मी?"

"वाफेचं तुम्हालाच कळतं."

काचेआडून काउंटरवरची मुलगी बघत होती. मॅनेजरने बूट काढले आणि उघड्या फळीवर आडवा झाला. छतावर पाणी धबाधबा पडू लागलं. दहा मिनिटांनी तो उठायला लागला, तशा बाई म्हणाल्या, "झोपा. घातल्या घातल्या कपडा कळत नाही, जरा वावरावं लागतं." एक तास भरला तेव्हा पाणी थांबलं. फळी कोरडी, शर्टही कोरडा. नवऱ्याने हळूच हात फिरवून खात्री केली, आणि बाईंना इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. पण त्यांनी ते मॅनेजरला दिसू दिलं नाही.

त्यांनी कागद घेतला, 'ग्राहक समाधानी' वर आडवी रेघ मारली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: आधीच्या तीन सह्या न बघता केल्या, त्या धरू नयेत. चौकटीला एका बाजूने लेप नव्हता, परवा लावला. तासभर पाणी सोडलं. खाली झोपलेला माणूस कोरडा उठला.

मग पेन मॅनेजरपुढे धरलं.

"बाई, सही ग्राहकाची लागते."

"झोपला कोण होता?" बाई म्हणाल्या. "तुम्हीच करा."