पाच घरच्या चिंध्या

दुपारची जेवणं आटोपली की बुधवारा पेठेतल्या पोरी सुनंदाकाकूच्या ओसरीवर गोळा होत. प्रत्येकीच्या ओच्यात काही ना काही असे. नारळाची करवंटी, रिकामी आगपेटी, चिंचोके, फुटक्या बांगड्या, धोतराची फाटकी किनार, सरकी काढायच्या जिनाच्या वाटेवर गाड्यांतून सांडलेला कापूस. ज्या घरांतून हा माल केर म्हणून निघे, त्याच घरांत तो दिवेलागणीला पाळणा किंवा पालखी होऊन परत जाई. काकूच्या हाताला गुण आहे, असं गल्ली म्हणे. आणि पाठ वळली की तीच गल्ली म्हणे, लोकांच्या पोरींना खेळणी करून देते बिचारी, स्वतःच्या घरात खेळायला आहे कोण?

सुनंदाची तीन मुलं गेली होती. पहिले दोन मुलगे बाळंतिणीच्या खोलीतूनच गेले. तिसरी कमल दीड वर्षाची झाली, दुडूदुडू चालायला लागली आणि मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली. त्या साथीत बुऱ्हाणपुरातल्या कुठल्या घरातून कोणी गेलं नाही? जो तो आपापल्या माणसाला पोचवण्यात गुंतलेला. सुनंदा तेव्हा रडली नाही ती नाहीच, आणि पुढे तिला रडायला कोणी सांगितलंही नाही.

आता तीन वर्षांनी चौथा मुलगा झाला होता. त्याचा ताबा घेतला आक्काने, म्हणजे सुनंदाच्या विधवा नणंदेने. बारशाच्या आधी आक्काने त्याला परसातल्या उकिरड्यावर ठेवला, सुपात भरून आणवला, सूपभर कोंडा देऊन विकत घेतला आणि नाव ठेवलं कडू. यमाला तो कडू लागावा म्हणून. उकिरड्यावरचं यम उचलत नाही, अशी आक्काची खात्री होती. तीन वेळा घरात शिरून नेमकं उचलून नेणारा यम एकाएकी एवढा सोवळा कसा झाला, हे तिला विचारण्याची छाती कोणाला नव्हती.

सुनंदा हे सगळं दारात बसून बघत होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. हिने ताकाचं भांडंच परतवलं होतं. मुलाला न्हाऊ घालायची, दुपटी धुवायची, वेळ झाली की पाजायला घ्यायची. पण पाजताना तिची नजर समोरच्या खुंटीवर असे. त्याला नावाने हाक मारत नसे. ‘ते उठलं,’ म्हणे, ‘त्याला घ्या,’ म्हणे. पाहुण्याने ठेवायला दिलेली वस्तू सांभाळावी तसं तिचं चाललं होतं, आणि ती परत मागायला कोण येणार हे तिला ठाऊक होतं.

दोन महिन्यांत तिचं दूध आटत आलं. कडू अर्ध्या पोटाने रडायचा, रडून थकायचा. त्याची मनगटं काडीसारखी झाली. शेळीचं दूध घातलं तर ओकून टाकी. सुईण येऊन बघून गेली. बाईने मन घातल्याशिवाय पान्हा उतरत नाही, आणि पान्हा उतरला नाही तर पोर महिना काढणार नाही, असं तिने आक्काला बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला घेऊन सांगितलेलं सुनंदाला नीट ऐकू गेलं. तिला काही वाटलं नाही. पाय अवघडून बधिर झाला की तो आपलाच आहे ना, हे हाताने चाचपून बघावं लागतं. तसं तिने आत चाचपून पाहिलं. काही लागलं नाही.

तिचा नवरा विनायक तहसील कचेरीत कारकून होता. तो संध्याकाळी येई, मुलाकडे बघे, बायकोकडे बघे आणि कोट खुंटीला लावी.

मग आक्काने पुढचा उपाय काढला. ज्यांची मुलं जगली अशा पाच घरच्या चिंध्या मागून आणायच्या आणि त्यांचं झबलं करून मुलाला घालायचं. मागायला कुमारिका हव्यात, शिवताना आईचा हात लागायला हवा. ओसरीवरच्या पोरींना तर हे आयतंच खेळणं मिळालं. दहा वर्षांची निर्मला त्यांची म्होरकी. तिने सगळ्यांना गल्लीबोळांतून फिरवलं आणि दोन दिवसांत पाच तुकडे आणून काकूपुढे ठेवले.

सुनंदाने काम घेतलं ते नेहमीच्या कामासारखं. तुकडे धुवायला लावले, गडद रंगाशेजारी फिका कसा ठेवायचा ते दाखवलं, सुईत दोरा ओवून दिला. पाठ तिने स्वतः जोडली. छातीवरचा तुकडा निर्मलाला जोडायला दिला, कारण पोरीचा टाका आता सुबक पडायला लागला होता. तिसऱ्या दुपारी झबलं झालं. सुटे दोरे कापायला सुनंदाने कात्री घेतली.

छातीवरचा तुकडा तांबड्या चिटाचा होता, त्यावर पिवळी बुट्टी. कडेला जुनी शिवण होती. हिरव्या दोऱ्याची.

तो टाका सुनंदाचाच होता. कमलच्या पहिल्या झग्याच्या वेळी तांबडा दोरा संपला म्हणून तिने हिरव्यावर भागवलं होतं, आणि मुलीला काय कळतंय म्हणून हसली होती. कमल गेल्यावर आक्काने सगळे कपडे गाठोड्यात बांधून कोणाला तरी देऊन टाकले. कोणाला, ते सुनंदाने विचारलं नव्हतं.

हा तुकडा कोणी दिला, असं तिने निर्मलाला विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला.

“मागच्या गल्लीतल्या गोदामावशीने,” निर्मला म्हणाली. “मालूच्या परकराची किनार उसवली ना तिने. म्हणाली, आमच्या घरात हेच एक कापड गुणाचं. मालू ह्याच्यातच मोठी झाली.”

म्हणजे तीन वर्षं तो झगा मागच्या गल्लीत अंगणभर रांगला, चालला, आखूड झाला, फाटला आणि परकराची किनार होऊन राहिला. मेलेल्या लेकराचं कापड जित्याच्या अंगाला लागू नये, हे सुनंदाला लहानपणापासून माहीत होतं. जगलेल्या लेकराचं लागावं, हेही माहीत होतं. एकाच चिंधीचं दोन्ही असेल तर काय करायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. उसवून टाकणं बरं. तिने कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं.

तेवढ्यात साडेतीन वर्षांची एक पोरगी ओसरीच्या पायऱ्या चढून आली. नाक वाहतंय, परकराचा घेर खालून उघडा पडलेला. निर्मला दटावून म्हणाली, मालू, घरी जा. मालूने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती थेट काकूपाशी आली आणि तिने झबलं धरलं.

“मनी चिंधी शे,” ती आपल्या अहिराणीत हक्क सांगत म्हणाली. “दे.”

द्यायला काहीच हरकत नव्हती. उसवायचीच होती, कात्री जागेवर होती. दोन टाके काढून पोरीच्या हातात दिली की झालं. पण सुनंदाचा हात सुटेना. मालूने ओढलं तसं तिनेही ओढलं. सव्वीस वर्षांची बाई आणि साडेतीन वर्षांची पोर एका चिंधीसाठी झोंबत होत्या, आणि बाकीच्या पोरी सुया हातात धरून बघत राहिल्या.

“सोड,” सुनंदा म्हणाली. “माझ्या कमलचं आहे ते.”

“मनं शे.”

“तुझं होतं. आता माझ्या कडूचं आहे.”

कडूला मांडीवर घेऊन थोपटत बसलेली आक्का तशीच उठून दारात आली. त्या घरात तीन वर्षांत कमलचं नाव कोणी घेतलं नव्हतं. मालूने भोकाड पसरलं. सुनंदा तिच्याकडे बघत राहिली. गुबगुबीत गाल, रडताना दिसणारे बारीक दात, खरचटलेले गुडघे. कमल हिच्याहून चार बोटं उंच असती. हे मनात आलं मात्र, आणि तिला इतकं दुखलं की ती पोरींसमोर, नणंदेसमोर, ओसरीवर बसल्या जागी ओरडून रडायला लागली. मालू दचकून गप्प झाली.

आक्काने चिंधी ओळखली. तिचा चेहरा उतरला. तिने खालच्या आवाजात सांगितलं, “उसव ते. मुकाट्याने उसव, सुनंदा.”

सुनंदाने डोळे पुसले नाहीत. उसवलंही नाही. तिने कडूला मागितलं. आक्का देईना, तिने त्याला पदराखाली घट्ट धरलं.

“द्या, वन्सं. माझं पोर आहे.”

आक्काने आजवर तिच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. तिचे हात ढिले पडले. सुनंदाने पोराला घेतलं, ते झबलं त्याच्या डोक्यातून घातलं, बाह्या सारख्या केल्या आणि पाजायला घेतलं. मालूने झबल्याचा कोपरा सोडला नव्हता. ती तशीच हुंदके देत काकूच्या गुडघ्याला टेकून बसली.

कडू हावऱ्यासारखा ओढत होता. सुनंदाने खाली पाहिलं. त्याचं नाक बसकं होतं, गेलेल्या तिघांपैकी कोणासारखंच नव्हतं. भुवया जवळजवळ नव्हत्याच. एक कान पाळीपाशी मुडपलेला होता. दोन महिन्यांत हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने बोटाने तो कान सरळ केला. तो पुन्हा मुडपला. मग तिची नजर त्याच्या काडीसारख्या मनगटावर गेली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला भीती वाटली.