खाली प्रिंट नको

सासूबाईंशी खोटं बोलणं मला कधी जड गेलं नव्हतं. आमटीत गूळ घातला नाही, माहेरी फोन केला नाही, साडी सेलमधली आहे, असलं मी रोज सांगायचे आणि त्याही ते रोज ऐकून घ्यायच्या. पण गेले बारा दिवस आमच्या घरात जे खोटं चाललं होतं ते वेगळं होतं. माझा नवरा अविनाश, त्यांचा थोरला मुलगा, सुरतेजवळ सचिन गावातल्या एका केमिकल कारखान्यात भाजला होता. चेहरा, मान आणि उजवा हात. आणि सरलाबाईंना, म्हणजे सासूबाईंना, आम्ही सांगितलं होतं की कंपनीने त्याला वापीला ट्रेनिंगला पाठवलंय.

खरं सांगणार कसं? दिवाळीत त्यांना हार्टचा झटका येऊन गेला होता. धक्का बसेल असं काही यांच्या कानावर जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं. मग एक खोटं सांभाळायला आणखी दहा खोटी बोलावी लागली. आठव्या दिवशी ‘अविनाश फोन का करत नही’ म्हणून त्या जेवेनात, तेव्हा माझा दीर सौरभ एसटीडी बूथवर गेला आणि दादाचा आवाज काढून दोन वाक्यं बोलला. फोन ठेवून तो बूथमध्येच रडत बसला होता म्हणे. मी मात्र घरी त्यांना दोन पोळ्या खाताना बघून देवाला हात जोडले.

त्यात मुंबईच्या एका सर्जनचा निरोप आला. ते शनिवारी सुरतेला येणार होते. त्याआधी त्यांना दोन फोटो हवे होते, दोन्ही समोरून आणि मोठे, शक्यतो चेहऱ्याच्या मापाचे. एक आत्ताचा, एक आधीचा. नाक कसं होतं, ओठ कसे होते, हे बघितल्याशिवाय मी काही ठरवणार नाही, असं त्यांनी सौरभला फोनवर सांगितलं. सौरभ शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने फोटो घेऊन मुंबईला जाणार होता. आत्ताचा फोटो त्यानेच गुरुवारी हॉस्पिटलात काढला होता. आधीचा आमच्या लग्नातला होता.

फोटो छापायला बाहेर जायची गरज नव्हती, कारण छापखाना घरातच होता. सौरभ साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायचा. त्याचा कॉम्प्युटर आणि स्कॅनर वरच्या पत्र्याच्या खोलीत होते. अविनाशचा कॉम्प्युटर खालच्या खोलीत होता. त्या वर्षी सौरभने सहा रंगांच्या शाईचा फोटो प्रिंटर आणला, तोही खालीच ठेवला. मे महिन्यात पत्र्याखाली माणूस वाळतो तिथे शाई काय टिकणार! अविनाशचा दोस्त भूपेंद्र, सुरतेतल्याच वराछाचा, कॉम्प्युटर बसवण्याचं काम करायचा. त्याने जिन्याच्या कडेने काळी वायर खाली सोडली आणि दोन्ही कॉम्प्युटर जोडून दिले. वर माउस दाबला की खाली कागद निघायचा. अविनाश ही जादू येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

फक्त ती खालची खोली सासूबाईंची होती. घरातली सगळ्यात थंड खोली तीच, म्हणून त्यांचा पलंग तिथे, देव तिथे, सासऱ्यांचा हार घातलेला फोटो तिथे आणि प्रिंटरही तिथेच. त्यांच्या उशापासून दोन हातांवर.

म्हणून बेत असा ठरला होता. शुक्रवारी चार वाजता सासूबाई कलाबाईंकडे भजनाला जातात, सहाला येतात. त्या गेल्या की भूपेंद्रने वरून दोन्ही फोटो छापायचे, मी ते पाकिटात घालायचे, आणि पाचला सौरभ हॉस्पिटलातून येऊन घेऊन जाणार. सोपं होतं. पण तीन वाजता, त्या जरा आडव्या झाल्या असताना भूपेंद्रने वरून एक कागद सोडून बघितला तर तो कोराच बाहेर आला. दुसराही कोरा. मी वर जाऊन त्याच्यावर डाफरले, “भूपेंद्रभाई, तो कागद किती महाग असतो माहीत आहे ना? खाली कागद काय मुंबईला पाठवायचे?” बारा दिवस झोप नव्हती मला, जो समोर येईल त्याला बोलणी बसायची. बिचारा हळूच खाली आला, शाईची तोंडं साफ केली, आणि मान खाली घालून परत वर गेला.

चारला सासूबाई टाळ घेऊन निघाल्या. मी दार लावलं. आता भूपेंद्रला हाक मारणार, तेवढ्यात दार वाजलं. सासूबाईच होत्या.

“कलाबाई चलथाणले गयी, लेककडे,” त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. “कुलूप शे.”

कलाबाई गावाला, म्हणून त्या उन्हातून तशाच परत आल्या होत्या. धाप लागली होती. मी त्यांना पलंगावर बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला आणि पंखा वाढवला. वर भूपेंद्रच्या खुर्चीचा आवाज आला. त्याने दाराचा आवाज ऐकला असणार, सासूबाई गेल्या असं समजून तो आता छापायला घेणार. हातातला पेला त्या एका दमात पिणार नव्हत्या आणि त्यांना तशा सोडून मला वर जाता येत नव्हतं. ‘आई आल्यात’ असं ओरडायचीही सोय नव्हती. आई आल्या तर काय बिघडलं, हे त्यांनी लगेच विचारलं असतं.

मी जिन्याच्या तोंडाशी गेले आणि जमेल तितक्या साध्या आवाजात म्हटलं, “भूपेंद्रभाई, आत्ता खाली प्रिंट मोकलू नका हं!”

इतकी वर्षं सुरतेत काढून माझी भाषा अशीच झाली आहे, अर्धी नाशिकची आणि अर्धी इथली; ‘पाठवू नका’च्या जागी ‘मोकलू नका’.

वरून लगेच उत्तर आलं, “हा बेन! खाली नथी मोकलतो!”

माझा जीव भांड्यात पडला. तो आणखीही काहीतरी म्हणाला, पण तोवर मी स्वयंपाकघरात पोचले होते. चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा उघडला. आणि चमचा हातात असताना त्याचं पुढचं वाक्य माझ्या डोक्यात शिरलं.

“भरेली ज मोकलुं छुं.”

भरलेलीच पाठवतोय.

खाली म्हणजे माझ्यासाठी खालच्या मजल्यावर. त्याच्यासाठी खाली म्हणजे रिकामं, कोरं. तासाभरापूर्वी मीच त्याला कोऱ्या कागदांवरून झापलं होतं, आणि ‘खाली कागद’ म्हणूनच झापलं होतं. आता बेनने पुन्हा आठवण केली, असंच त्याला वाटलं. ‘ध’ चा ‘मा’ करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं होतं. आमचं काम न बदलताच झालं.

पलीकडच्या खोलीतून प्रिंटरचा आवाज सुरू झाला.

मी धावले. सासूबाई पलंगावरून उठून प्रिंटरपाशी उभ्या होत्या, पेला अजून हातात. त्यांना तो आवाज आवडायचा. सौरभची साडी निघाली की त्या अशाच उभ्या राहून पदर बघायच्या. प्रिंटरचं बटण भिंतीवर, त्यांच्या खांद्यामागे होतं. मी तिकडे हात नेला आणि कागदाकडे बघितलं. कागद बोटभर बाहेर आला होता. वरची पट्टी पांढरी होती. पांढरी म्हणजे काय? कागदाची कड, की हॉस्पिटलचं बँडेज? आत्ताच्या फोटोत कपाळापासून वर सगळं बँडेजच होतं.

शाईचं डोकं इकडून तिकडे गेलं. परत आलं. कागद केसभर पुढे सरकला.

निळा रंग आला.

निळा म्हणजे जुना फोटो. भूपेंद्रने त्याच्यामागे निळा पडदा भरला होता. मग काळे केस आले, लग्नातला तो चापून बसवलेला भांग आला. मी बटणावरचा हात काढून घेतला. तेव्हाच ते बंद करायला हवं होतं. पण मला वाटलं, वाचलो. चांगला चेहरा आहे, हसरा आहे, बघू देत. सांगायला नवीन खोटंही तयार झालं, वाढदिवसाची भेट म्हणून फ्रेम करतोय.

भुवया आल्या, डोळे आले, नाक आलं. तो प्रिंटर एका फोटोला पाच मिनिटं घ्यायचा. ती पाच मिनिटं त्या एकदाही हलल्या नाहीत. हनुवटी आली, शेरवानीची कॉलर आली, आणि कागद सुटून पुढे पडला. मग त्यांनी विचारलं, “तू कोठे शे यामा?”

“काय, आई?”

“लगनना फोटो शे ना हाऊ? तू बाजूले व्हतीस. तुले काढी टाकं.” त्यांनी पेला टेबलावर ठेवला. पाणी सांडलं. “मागे निळं करं. एकलाच ठेवा.”

मला अजूनही कळलं नव्हतं. मग त्यांनी भिंतीकडे बघितलं, आणि मीही बघितलं. सासऱ्यांचा फोटो. ते गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा एकही फोटो घरात नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून स्टुडिओवाल्याने त्यांना कापून काढलं होतं, मागे निळा रंग भरला होता आणि चेहरा मोठा केला होता. आमच्याकडे जित्या माणसाचा एकट्याचा एवढा मोठा चेहरा कोणी छापत नाही. तो माणूस गेल्यावर छापतात, दहाव्याच्या आत.

“कधी गया मन्हा आंडोर?” त्या म्हणाल्या.

माझा मुलगा कधी गेला, असं त्या विचारत होत्या आणि आवाज अगदी बारीक होता.

“नाही, आई! नाही हो! अविनाश आहे. बरा आहे. वापीला...”

“फोनवर सौरभ व्हता.” त्या पलंगावर बसल्या. “दोन्ही मीच जनम देयेल शेतस. माले आवाज वळखता येत नही? मी म्हणं, दादा काही लपाडी राह्यना, भांडण व्हयनं व्हई, नोकरी गयी व्हई. आते समजनं.”

त्यांनी छातीवर हात दाबला. ओठ पांढरे पडले. मी गोळी काढून त्यांच्या जिभेखाली ठेवली, तळवे चोळले, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा खरं बोलले. कारखान्यात भाजला आहे. हॉस्पिटलात आहे. जिवंत आहे. आज सकाळी मी त्याला चमच्याने पाणी पाजलं. मी एकेक शब्द रडत सांगत होते आणि त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. मान फक्त हलत होती, नाही, नाही. बारा दिवस जिने खोटं सांगितलं तिने तेराव्या दिवशी खरं सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? मी त्यांच्या जागी असते तर मीही ठेवला नसता. हॉस्पिटल रिक्षाने अर्ध्या तासावर होतं, आणि त्यांची नाडी माझ्या बोटाखाली कशीही पळत होती. अर्धा तास त्यांच्याकडे आहे असं मला वाटलं नाही.

माझ्याकडे पुरावा एकच होता. जो त्यांच्यापासून लपवण्यासाठी हा सगळा खटाटोप केला तोच.

मी त्यांचा हात न सोडता ओरडले, “भूपेंद्रभाई! बीजो फोटो मोकलो! नीचे! हमणां ज!”

दुसरा फोटो, आत्ताच. वरून त्याचा घाबरलेला आवाज आला, आई गेल्या ना असं विचारत. “बा गयां ने, बेन?”

“बा अहीं ज छे. मोकलो.” आई इथेच आहेत, पाठवा.

प्रिंटरने नवा कागद ओढून घेतला.

“आई, बघा,” मी म्हटलं. “कालचा आहे. सौरभने काढलाय. बघवणार नाही, पण बघा.”

पांढरं आलं. या वेळी ते बँडेजच होतं, एक पट्टी, दुसरी पट्टी. मग जिथे कपाळ असायला हवं तिथे लाल-काळी, मलम लावलेली कातडी. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कागदाकडे नाही. मनात एकच, आता यांचं काही झालं तर ते माझ्या हातून झालं. डोकं इकडून तिकडे गेलं. परत आलं. भुवया नव्हत्याच. उजवा डोळा सुजून मिटलेला होता. नाडी माझ्या बोटाखाली थांबल्यासारखी झाली आणि मी जोरात म्हटलं, “आई!”

“गप बठ,” त्या म्हणाल्या.

त्या पुढे वाकल्या होत्या. डावा डोळा येत होता. तो उघडा होता. उघडा आणि थेट कॅमेऱ्याकडे रोखलेला, वैतागलेला. फोटो काढू नको असं अविनाशने सौरभला तीनदा खुणेने सांगितलं होतं, आणि सौरभने तरीही काढला होता. लहानपणापासून धाकट्याने खोडी काढली की थोरल्याचा डोळा असाच व्हायचा म्हणे.

“देख,” सासूबाई म्हणाल्या. “देख कसा देखी राह्यना. सौरभवर चिडेल शे.”

त्या हसल्या आणि मग रडायला लागल्या, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. मीही रडले. कागद पूर्ण बाहेर यायच्या आधीच त्यांनी तो धरला. शाई ओली होती, मी हात पुढे केला तर त्यांनी मला झटकलं. भूपेंद्र दारात येऊन उभा होता, त्याला काय करावं कळत नव्हतं.

“आई, तो द्या,” मी म्हटलं. “डॉक्टरांना पाठवायचाय. सौरभ येईल आता.”

“डॉक्टरले दुसरा काढ,” त्या म्हणाल्या. “हाऊ माले राहू दे.”