मागच्या गाडीतला माणूस

“काका, तुम्ही वायच मागच्या गाडीत बसा,” हितेश म्हणाला आणि स्वतः ट्रॅक्टरवर चढला.

मागची गाडी म्हणजे इंजिन उतरवून ठेवलेली, आंब्याच्या पेट्या वाहणारी पिकअप. टोचन करताना पुढची गाडी ओढते आणि मागच्या मेलेल्या गाडीत एकजण नुसता स्टिअरिंग धरून बसतो. सागर ऑटो वर्क्सच्या आवारात पुढे बसायचा मान गेली पंचवीसेक वर्षं भिकाजीचा होता. मागे कोणीही चालायचं. क्लीनर बसायचा, गाडीचा मालक बसायचा, एकदा तर मालकाची सासू बसली होती आणि तिनेही गाडी सरळ आणली होती.

आज भिकाजी बसला. दार ओढून घेतलं.

मिरजोळ्याच्या कातळावर हे आवार होतं. रस्त्यालगत वर फाटक, खाली शेड, आणि दोन्हींच्या मध्ये जांभ्याची लाल चढण. बंद पडलेली गाडी फाटकातून शेडमध्ये न्यायची, शेडमधून रंगाच्या खोलीत, आणि दुरुस्त होईपर्यंत चार वेळा इकडची तिकडे करायची. हे सगळं भिकाजी टप कापलेल्या जुन्या जीपने करत आला होता. पण खाऱ्या वाऱ्याने जीपची चासी आतून खाल्ली होती. गणपती झाले आणि एक टेम्पो ओढताना मागचा हुक चासीच्या तुकड्यासकट निघून हातात आला. तेव्हा योगिनीताई म्हणाल्या, आता छोटा ट्रॅक्टर घेऊ. वडिलांच्या पश्चात वर्कशॉप त्याच बघत होत्या. त्यांनी एवढंच वर सांगितलं, “ज्याची निवड, त्याच्याकडे चावी. मग मागून कुरकुर नको.”

हितेशने निवडला तो अरुंद, बुटका ट्रॅक्टर. बागांत कलमांच्या मधून फिरतो तसला. शेडचे खांब, रंगाच्या खोलीचं दार, सगळीकडून तो आत शिरेल, जागेवर वळेल, असं त्याचं म्हणणं.

खरं तर हे म्हणणं भिकाजीचं होतं. दोन वर्षांपूर्वी पावस गावात एका बागेत गाडी दुरुस्त करायला गेला असताना त्याने हाच ट्रॅक्टर पाहिला होता आणि मनात म्हटलं होतं, आपल्या आवाराला हवा तो हा. पण मनातच म्हटलं होतं. जीप चालत होती तोवर बोलायची गरज पडली नाही, आणि जीप बसली त्या दिवशी तो तोंड उघडायच्या आत हितेश बोलून मोकळा झाला. आपल्या ताटातला घास दुसऱ्याने उचलावा आणि वर चव सांगावी, तसं भिकाजीला झालं. मग तो म्हणाला, “बुटका काय कामाचा? ओढायला वजन लागतं. मोठा घ्या.” एकदा म्हटल्यावर ते धरून ठेवणं आलं.

हितेश मुंबईहून येऊन वर्षही झालं नव्हतं. उरणच्या बाजूला कुठल्याशा कंटेनर यार्डात गाड्या ओढायचं काम त्याने दहा वर्षं केलं होतं. पस्तिशीचा, हसरा, कोणाचं वाईट न चिंतणारा. भिकाजीला खुपत होतं ते हेच. योगिनीताई केबिनच्या दारातून “हितेश, जरा ये रे” म्हणायच्या, आणि हितेश आत जायचा तेव्हा काच बंद व्हायची. पूर्वी ती काच भिकाजी आत गेल्यावर बंद व्हायची. आवारातलं कुत्रंसुद्धा आताशा दुपारी हितेशच्या डब्याजवळ बसत होतं. त्याला भिकाजीने सहा वर्षं भाकरी घातली होती.

आज शोरूमवाल्याने दोघांच्या निवडीचे दोन्ही ट्रॅक्टर पारखायला आणून उभे केले होते. मोठ्या ट्रॅक्टरने पिकअप चढणीवर नेली. शेडशी वळताना मात्र चार वेळा मागेपुढे केलं आणि पाण्याचा पिंप आडवा केला. आता बुटक्याची पाळी.

ट्रॅक्टरने ओढ घेतली. पिकअप हलली. चढणीच्या मध्यावर भिकाजीचा पाय ब्रेकवर गेला.

इंजिन नसलेल्या गाडीचा ब्रेक दगडासारखा असतो. तो चुकून दाबला जात नाही. कंबर सीटला टेकवून जोर लावावा लागतो. भिकाजीने तो लावला. पुढे ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी गरगरली, लाल धूळ उडाली, आणि तो तिथेच थांबला.

“घ्या, झाला दम पुरा,” शेडमधून रितेश पेंटर म्हणाला. दोघेतिघे हसले. शोरूमवाला कपाळ पुसू लागला.

भिकाजीच्या छातीत गार वाटलं. फार गार.

हितेश उतरला. हुक बघायला म्हणून मागे आला, आणि त्याची नजर जमिनीवर गेली. फिरतं चाक धुळीत टायरची नक्षी सोडतं. दाबून धरलेलं चाक नुसता पट्टा ओढतं. पिकअपच्या मागे नक्षी होती, आणि शेवटच्या हातभर जागेत दोन सपाट पट्टे. त्याने पट्ट्यांकडे पाहिलं. मग भिकाजीकडे पाहिलं. मग बुटाने एक पट्टा पुसला, पलीकडे जाऊन दुसरा पुसला.

“ताई,” तो वर उभ्या असलेल्या योगिनीताईंकडे बघून मोठ्याने म्हणाला, “माझा गिअर चुकला. परत एकदा घेतो.”

दुसऱ्या खेपेला भिकाजीने पाय लांब ठेवला. ट्रॅक्टर पिकअप घेऊन वर गेला, वळला, खाली आला आणि रंगाच्या खोलीत शिरून बाहेरही आला. योगिनीताईंनी चावी हितेशच्या हातावर ठेवली.

घरी बायकोने, आवडाबाईने, कुळथाची पिठी वाढली. भिकाजी भाताशी खेळत बसला.

“त्याला मिळाली वाटतं चावी,” ती म्हणाली.

“कोणी सांगितलान तुला?”

“तुमच्या तोंडान सांगितलान.”

त्याने भातात बोटाने खड्डा केला. मग म्हणाला, “शिवी दिलान असती तर बरा झाला असता.”

“कोणी? हितेशनं? आणि तो कशाला शिवी देल तुमाला?”

भिकाजीने पिठी ओरपली. चावी गेली त्याचं एक वेळ चाललं असतं. पण चूक नसताना चूक अंगावर घेऊन त्या माणसाने मोठेपणातही पहिला नंबर पटकावला होता. आता भिकाजीला पुढे राहायला जागाच उरली नव्हती.

“उद्या पूजा ना?” आवडाबाईने विचारलं. “गाऱ्हाणा तुमीच घालणार?”

“मग दुसरा कोण घालणार? त्याला येतं काय?”

तेवढं एक उरलं होतं. वर्कशॉपात नवं काही आलं की नारळ हातात घेऊन देवाला गाऱ्हाणं भिकाजीच घालायचा. बोलणारा एक, बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. मुंबईत वाढलेल्या हितेशला ते शब्द जमत नव्हते. मात्र गाऱ्हाण्यात गाडी ज्याच्या हाती द्यायची, त्याचं नाव बापाच्या नावासकट घ्यावं लागतं. रात्री अंथरुणावर भिकाजीने ते नाव गाळून गाऱ्हाणं जुळवलं. ‘जो कोणी बसेल त्याला’. ऐकायलाही वाईट वाटत नव्हतं.

सकाळी ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. सगळे चपला काढून उभे राहिले. भिकाजीने नारळ धरला.

“बा देवा म्हाराजा, ह्या कातळाच्या राखणदारा…”

“होय म्हाराजा.”

“आज ही नवी गाडी तुझ्या पायाशी उभी हाय. हिच्याखाली कोणाचा हातपाय सापडू देव नको.”

“होय म्हाराजा.”

“आणि हिच्यावर जो…”

तो थांबला. समोर हितेश डोळे मिटून, हात जोडून उभा होता, लहान पोर उभं राहतं तसा. सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत होते. जुळवलेलं वाक्य भिकाजीच्या जिभेवर होतं.

“हिच्यावर मोरूचा लेक हितेश बसेल. त्याला संभाळ.”

“होय म्हाराजा.”

इथे नारळ फोडायचा. रितेश पेंटरने पाण्यासाठी तांब्या पुढे केला. पण भिकाजी बोलतच राहिला, आवाज खाली आणून.

“आणि मागच्या गाडीत जो बसेल, त्याचा पाय वाकडा पडला असेल, तर तां पदरात घे. पुढं त्याचा पाय जाग्यावर ठेव.”

“होय म्हाराजा,” सगळे म्हणाले. हितेशचं ‘होय म्हाराजा’ सगळ्यांच्या मागून, एकट्याचं आलं.

“मागच्या गाडीचं गाऱ्हाणं आजच ऐकलं हो काका,” योगिनीताई हसून म्हणाल्या.

“त्यालापण देव लागतोच की, ताई,” भिकाजी म्हणाला आणि नारळ फोडला.

नव्या ट्रॅक्टरचं पहिलं काम ठरलेलं होतं. जुनी जीप वर फाटकाशी न्यायची. तिथे भंगारवाल्याचा ट्रक उभा होता. हितेशने टोचनाचा दांडा अडकवला आणि चावी भिकाजीपुढे धरली.

“काका, पहिली फेरी तुम्ही मारा.”

मनापासून म्हणत होता तो. तेही पुन्हा त्यानेच सुचवावं, हे भिकाजीला खुपलंच.

“निवड तुझी, चावी तुझी,” तो म्हणाला. “मी बसतो मागं.”

तो जीपमध्ये चढला. सीटचा खोलगट भाग त्याच्याच बैठकीचा होता. त्याने स्टिअरिंग धरलं. हितेशने वळून पाहिलं तेव्हा भिकाजीने दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली, पंगतीला बसावं तशी. टप नसलेल्या जीपमध्ये ती मांडी सगळ्या आवाराला दिसत होती.

“चल,” तो म्हणाला.

दांडा ताणला. जीप चढणीला लागली, आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी मागून. झिजलेल्या टायरांना उरली होती तेवढी नक्षी लाल धुळीत उमटत गेली, खालपासून थेट फाटकापर्यंत, कुठेही न तुटता.