बात्माचा उजवा हात

"जन्मापासून कुठला हात, आपा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि माझ्या आधी तालायच बोलला, "उजवा! आमच्या घरात डावखुरं कुणी नाही."

तालाय माझा लेक. पन्नाशीला आला, पण आईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायची खोड काही जात नाही मेल्याची.

डॉक्टरीणबाईंचं नाव चोल्पोन. मला आपा म्हणतात, आमच्याकडे आईला आणि वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं. वयानं माझ्या लेकीसारख्या, पण नजर अशी की खोटं बोलणाऱ्याची जीभ अडखळावी. त्यांनी माझ्या डोक्याचा फोटो दाखवला. उजव्या भागात, कानाच्या वर, जर्दाळूएवढी गाठ. तीच मला झटके आणते आणि तीच डाव्या कानाशी हाका मारते, असं त्या म्हणाल्या. हाका कुणाच्या, ते मी सांगितलं नव्हतं.

"उजव्या हाताच्या माणसाचं बोलणं जवळजवळ नेहमी मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. तसं असेल तर ही गाठ मी निर्धास्त काढते. पण डावखुऱ्यांपैकी काहींचं उजवीकडे असतं. मागाहून हात वळवला तरी बोलण्याची जागा काही हलत नाही. आधी तपासलं नाही तर जीव वाचेल आणि शब्द जातील. म्हणून खरं सांगा."

शब्द जातील! अहो, मग माझ्याकडे उरतं काय? आमच्या नारीनच्या खोऱ्यात कुणी गेलं की पहिलं बोलावणं मला येतं. तंबूत बसून, मेलेल्याचं नाव घेऊन मी शोक गाते. चांगली धट्टीकट्टी माणसं ढसाढसा रडतात.

तरी मी म्हटलं, "उजवाच."

तालायनं ऑपरेशनच्या संमतीचा कागद सहीसाठी पुढे सरकवला. मी पेन उचललं आणि डाव्या कानाशी ती बोलली. सात वर्षांच्या मुलीचा आवाज. वसंतापासून एकच म्हणते, "माझं नाव परत दे."

आम्ही जुळ्या. जुळ्या मुलींची नावं आमच्यात ठरलेली, बात्मा आणि झूरा. तोंडं इतकी सारखी की बापसुद्धा हात बघून ओळखायचा. उजव्या हातानं चहा देईल ती बात्मा, डाव्या हातानं देईल ती झूरा. झूराच्या हातचा चहा आजी घ्यायचीच नाही. बापही उघड उघड डावं-उजवं करायचा. सातव्या वर्षी दोघींना गोवर निघाला. बाप मेंढ्या घेऊन डोंगरात. परत आला तो घोड्यावरूनच ओरडला, "बात्मा बरी आहे ना?"

बात्मा त्याच पहाटे गेली होती. शेजारीपाजारीसुद्धा अजून आले नव्हते. आई दारात उभी. म्हणाली, "बात्मा बरी आहे. झूरा गेली."

झूरा मी. त्याच दिवशी आईनं माझा डावा हात लोकरीच्या दोरीनं कमरेला बांधला, आणि दोन हिवाळे सोडला नाही. "हा हात दिसला तर तुझा बाप मला जिवंत ठेवणार नाही," एवढंच म्हणाली. पुढे बाप गेला, आईही गेली. माझी भीती मात्र गेली नाही. टेकडीवर माझ्या नावाचा दगड आहे. दरवर्षी मी तिथे जाते, आणि खाली कोण झोपलंय ते मला एकटीला ठाऊक असतं.

"गाठ काढली की हाका थांबतील?" मी विचारलं.

"थांबतील, आपा."

"मग ती कुठे जाईल?"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फोटोकडे बघितलं. कळलं नसावंच त्यांना. मला मात्र लख्ख कळलं. हाका थांबल्या आणि शब्दही गेले, तर बात्मा मेली हे सांगायला जगात कुणीही उरणार नाही. मी पेन डाव्या हातात घेतलं. बासष्ट वर्षांनी. कागदावर वाकडंतिकडं लिहिलं, झूरा.

"आपा, काय लिहितेस हे? तुझं नाव बात्मा!" तालाय ओरडला.

"गप बस. बात्मा तुझी मावशी. ती सात वर्षांची असताना मेली. मी डावखुरी झूरा."

मग सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तो कागद फाडला आणि म्हणाल्या, "उद्या आधी तपासणी. बोलणं उजवीकडे निघालं, तर गाठीचा काही भाग आत सोडावा लागेल."

"उद्याचं उद्या," मी म्हटलं. "आज शब्द आहेत माझ्याकडे."

खोऱ्यातल्या एकूण एक मेलेल्यांसाठी मी गायले होते, सख्ख्या बहिणीसाठी नाही. गाणार तरी कशी? जगाच्या लेखी ती जिवंत होती ना! मी भिंतीकडे तोंड करून बसले, दोन्ही हात कमरेवर ठेवले, शोक गाण्याच्या रीतीप्रमाणे. आणि सुरू केलं, "बात्मा गं, उजव्या हाताची माझी बात्मा..."

नर्स धावत आली. डॉक्टरीणबाईंनी तिला थांबवलं.

तालाय उठला. मला वाटलं, चिडून चालला. पण तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला, आमच्याकडे मयताच्या घरी पुरुष रडायला उभे राहतात तसा, कमरेत वाकून. आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला, "मावशी गं! माझी मावशी!"