माझी पिन शेजाऱ्याकडे

बुधवारी दुपारी फोन वाजला तेव्हा मी नेहमीसारखाच गप्प होतो. मी म्हणजे साउंड कार्ड. चिंगीच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या पोटात माझी जागा. फोनवर वहिनी होत्या. चिंगी "हो" म्हणाली, मग पुन्हा "हो", मग "निघते." हेडफोन खुर्चीच्या पाठीला अडकवून ती तशीच गेली. कॉम्प्युटर बंद करायचंही तिला सुचलं नाही. खेळाचं सुरुवातीचं संगीत दोन दिवस त्या रिकाम्या हेडफोनमध्ये वाजत राहिलं.

तिचा दादा गेला होता.

पण दादाची गोष्ट रडक्या तोंडाने सांगायची सोय नाही. त्याने माझा जो पोपट केला, तो ऐकलात तर तुम्हीही हसाल.

दादा लोकांचे कान तपासायचा, कमी ऐकू येणाऱ्यांना मशीन बसवून द्यायचा. चिंगी दातांच्या कवळ्या बनवते. दोघांनीही पंचेचाळिशी ओलांडलेली, गावं वेगळी, पण रविवारी सकाळी दोघं आपापल्या कॉम्प्युटरवरून खेळातल्या एकाच लढाईत उतरायची. शत्रूशी कमी, एकमेकांशी जास्त भांडायची.

"वेगळं साउंड कार्ड बसव," दादा म्हणायचा. "मागून येणाऱ्याची पावलं तुला ऐकू येत नाहीत. म्हणून दर वेळी आधी तूच मरतेस."

"मी मरते, कारण तू मला पुढे ढकलतोस. बोर्डावरचा आवाज चांगला आहे माझा."

बोर्डावरचा आवाज म्हणजे माझा शेजारी. कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावर आवाजाची एक चिप जन्मापासूनच असते. ती घरची, आणि मी घरजावई. घरात येण्याआधीच माझ्यावरून भांडण सुरू होतं.

शेवटी दादाच मला खोक्यातून घेऊन आला. जीभ दातांत धरून, चष्मा कपाळावर चढवून त्याने मला बसवलं. मग पुढूनच हात मागे घालून चाचपडत हेडफोनची पिन खोचली. मागे हिरवी भोकं दोन. वरचं शेजाऱ्याचं, खालचं माझं. पिन गेली वरच्यात.

इकडे पडद्यावर दादाने माझी बटणं फिरवायला घेतली. हे वाढव, ते कमी कर. "ऐक! याला म्हणतात आवाज!"

चिंगीने ऐकलं. "तेच आहे रे."

"तेच? कान तपासून देऊ का? बहीण म्हणून फुकटात."

झालं! पुढची चार वर्षं मेहनत शेजाऱ्याची आणि कौतुक माझं. रविवार उजाडला की दादा विचारणार, "कार्ड काय म्हणतंय?" आणि चिंगी म्हणणार, "झोपलंय." तिला काय ठाऊक, ती किती खरं बोलतेय! मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेजारी बिचारा सरळ स्वभावाचा. कधी चकार शब्द बोलला नाही.

गेल्या वर्षी दादा दोन दिवसांसाठी आला होता. चिंगी आत चहा करत होती. दादाचं पेन टेबलाखाली घरंगळलं, ते काढायला तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. वायरीवरून बोट फिरवत फिरवत पिनेपर्यंत आला.

"अरे गाढवा," तो म्हणाला. स्वतःलाच.

मला वाटलं, आलं नशीब फळाला. त्याने पिन चिमटीत धरलीही. तेवढ्यात आतून आवाज आला, "दादा, खरं सांग, काही फरक आहे का रे त्या कार्डाने?"

दादाने पिन सोडली. उठताना टेबलावर डोकं आपटलं. "म्हणजे काय! जमीन-अस्मानाचा!" मग डोकं चोळत माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "गप्प बस हं. ही जन्मभर ऐकवेल मला. आणि मग रविवारी भांडायचं कशावरून?"

मी गप्प बसलो. तेवढं एकच काम मला चांगलं जमत होतं.

वहिनींच्या फोनला तीन आठवडे झाले तेव्हा चिंगीने कॉम्प्युटर साफ करायला काढला. हातात कवळ्यांवरची पूड झटकायचा मऊ ब्रश. कामात ती काटेकोर. प्रत्येक वायर काढायच्या आधी ती कुठून निघाली याची चिठ्ठी चिकटवत होती. हेडफोनच्या वायरीपाशी तिचा हात थांबला.

ती हसली. आधी नाकातून, मग जमिनीवर बसून, पोट धरून. "दादा! अरे, पिन बोर्डातच आहे रे!" म्हणत तिने फोन उचलला, दादाचं नाव काढलं, आणि अंगठा तिथेच राहिला. मग तिने फोन पालथा ठेवला.

"चार वर्षं," ती म्हणाली. "बिचाऱ्याला कळलंच नाही. कळलं असतं तर किती हसला असता."

मग सगळं जोडून झाल्यावर तिने पिन माझ्यात खोचली आणि खेळ लावला. मी पहिल्यांदा बोललो. खडीवरून चालणारी कुणाची तरी पावलं, डावीकडून, जरा मागून. तिने डोळे मिटून ऐकलं. पिन शेजाऱ्याकडे लावून ऐकलं, परत माझ्याकडे.

"फरक आहे," ती म्हणाली. "जमीन-अस्मानाचा नाही. पण आहे रे थोडा."

पुष्कळ जण विचारतात, खेळायला वेगळं कार्ड घ्यावं की बोर्डावरचं पुरे? मला विचारू नका, मी पडलो घरजावई. माझं एवढंच मागणं आहे की काहीही घ्या, पण एकदा चष्मा नाकावर घेऊन टेबलामागे वाका. आणि भांडायला कुणी असेल तर भांडून घ्या.

आता रोज आवाज माझ्यातून जातो. पण कॉम्प्युटर देईल तोच. माझं स्वतःचं एक वाक्यही मला बाहेर काढता येत नाही. दादाला कळलं होतं, हे चिंगीला सांगायचं राहून गेलं.