सलगमांच्या ढिगाखालचा माणूस

मी एका बैलाचं चित्र आहे. लोक बैल बघतात आणि जातात. मला मात्र माझ्यातल्या माणसाविषयी बोलायचंय.

इंग्लंडात टीज नदीकाठी, सोअर्बी मालकांच्या गोठ्यात मला रंगवलं. पूर्वी थंडी आली की तिथं चारा संपायचा, जनावरं कापावी लागायची. मग शेतात सलगमाचे कंद आले आणि बैल हिवाळ्यातही फुगू लागले. हा बैल गोठ्यातल्या गड्यानं, एनॉकनं, वासरापासून वाढवलेला. माझ्यात दोर धरून तोच उभा होता.

"चितारीदादा, अंगठा वाकडाच काढा," तो म्हणाला. "वासरू असताना यानंच तुडवलाय."

"आणि नाक लहान काढा," त्याचा धाकटा भाऊ जेबेझ खिदळला. "घराण्याची अब्रू वाचेल."

मालकांना माझ्या नकला गावोगाव पाठवायच्या होत्या, म्हणजे त्यांच्या कळपातली वासरं खपली असती. "पाठ रुंद करा. डोकं छोटं. पाय बारीक."

"एवढ्याशा पायांवर हा उभा कसा राहील, मालक?" एनॉकनं विचारलं.

"चित्रात कोण पडतंय?"

माझे रंग वाळण्याआधीच खरा बैल पडला. जत्रेच्या गाडीत चढताना त्याला स्वतःचं वजन पेललं नाही. खाली एनॉक होता.

एनॉकला पुरून आल्यावर मालक माझ्यासमोर थांबले. "माणसाशेजारी बैल लहान दिसतो. माणूस काढा."

"नका हो मालक!" जेबेझ ओरडला. "त्याचं दुसरं चित्र नाही. बैल हवा तेवढा फुगवा, पण दादाला राहू द्या."

"अजून किती फुगवू?" चितारी पुटपुटला.

"जेबेझ, चित्र बैलाचं आहे," मालक म्हणाले.

जेबेझनं चिताऱ्याच्या हातातली रंगाची पाटी हिसकून भिरकावली. त्याला ओढत बाहेर नेलं. मग कुंचल्यानं एनॉकवर एकेक सलगम चढत गेलं. आधी बूट, मग तो अंगठा. डोळे शेवटी.

मला मालकांच्या दिवाणखान्यात टांगलं. पुढे एकदा जेबेझ न विचारता तिथं घुसला. त्यानं ढिगावर तळहात टेकला.

"अंगठा इथंच होता ना रे, दादा?"

जरासा डावीकडे होता. मला सांगता आलं नाही.

आता जेबेझही नाही. माझ्या चौकोनी बैलाला लोक हसतात. हसा. पण कधी कुणी मला पुसायला घेतलंत, तर त्या सलगमांवर हात हळू फिरवा. खाली एनॉक आहे. त्यानं दोर अजून सोडलेला नाही.